बोराच्या बिया

त्रेपन्न-चौपन्न साली कारंजाच्या मोटार स्टँडवर एक म्हातारी रानबोरांची टोपली घेऊन बसायची. शेतांच्या हद्दी मोजून दगड रोवायची माझी नोकरी. मोटारीची वाट बघत मी तिची बोरं खायचो. कोणी बोराची बी थुंकली की ती उठून उचलायची, पदराला पुसून चंचीत टाकायची. मला शिसारी यायची. एकदा विचारलंच, "आजी, बिया काहून जमा करता?"

"धुऱ्यावर लावतो, दोन वावरांच्या मधी. मालक गेले तवापासून दीर हद्दीचा दगड दरसाल माह्या वावरात सरकवते. बोराटी तोडली तरी बुडातून फुटते. तिले सरकवून दाखव म्हना!"

माझी नोकरी कसली, ते मी तिला सांगितलं नाही. तोंडातली बी काढून तिच्या हातावर ठेवली.