रामसिंगकाकांच्या पुडीची परीक्षा

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्टँडवर कुणी गुडघे धरून जीपमध्ये चढायला लागलं की शेजारचा हमखास विचारतो, "रामसिंगकडं गेलता का?" डॉक्टरचं नाव त्यानंतर निघतं. मी साधना, गोरेगावचीच, त्यामुळे हे लहानपणापासून ऐकत आले. रस्त्यापासून आत माळाच्या कडेला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथं रविवारी सकाळपासून माणसं बसलेली असतात. रामसिंग राठोड माळावरून एक मुळी खणून आणतात, सावलीत वाळवतात, कुटतात आणि पुड्या बांधून देतात. घेणारा नारळ ठेवतो. त्या घरात वर्षभर खोबऱ्याची चटणी असते आणि जमनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तिचा वीट आलेला आहे.

मुळीचं नाव मला पुढं कळलं, पण सांगणार नाही. लोक माळ उकरून ठेवतील.

या पुडीनं दुखणं खरंच कमी होतं का, हे तपासायला एका आयुर्वेद कॉलेजचे लोक आले, आणि तांड्यात व आसपासच्या दोन-तीन गावांत फिरायचं काम मला मिळालं. काम ऐकायला सोपं होतं. निम्म्या लोकांना रामसिंगकाकांची पूड द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच कडवट, पण औषध नसलेली. कुणाच्या वाट्याला कुठली आली ते घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि देणाऱ्या मलाही ते कळणार नव्हतं. मुळी पुरवणाऱ्या काकांनाही नाही. ते फक्त कॉलेजातल्या एका माणसाला माहीत होतं, आणि तो कुणाचाच फोन उचलायचा नाही. मग दर महिन्याला घरोघर जाऊन दुखणं किती, ते विचारायचं. काहीच नसेल तर शून्य, सोसवत नसेल तर दहा.

हे दहाचं गणित कुणालाच मानवलं नाही. बायका म्हणायच्या, "बारा आने दुखतंय." मग मी झाडाखाली बसून बारा आण्यांचे दहापैकी किती, ते काढायची. हळदीच्या काढणीत सगळ्यांचं सोळा आणे. त्यात तोच रस्ता, तेच ऊन, तेच प्रश्न, आणि प्रत्येक घरी नको म्हटलं तरी चहा. दोन-तीन महिन्यांत मला माझेच गुडघे जाणवायला लागले. या कामात काहीतरी थोर आहे असं सुरुवातीला वाटत होतं. नंतर नुसतं जीप वेळेवर यावी एवढंच वाटायचं.

काका या भानगडीत कशाला पडले, हे लोकांना उमगत नव्हतं. फाट्यावरचा हॉटेलवाला देविदास त्यांना तोंडावर विचारायचा, "येवढं नाव झालंय तुमचं. आता काहून तपासून राहिले?" काका बशीतला चहा फुंकत राहायचे. उत्तर त्यांच्या घरात होतं, ते हॉटेलात कसं सांगणार?

जमनाबाईंच्या हातांची बोटं एका बाजूला वाकलेली आहेत. कितीतरी वर्षं त्यांचे सांधे सुजायचे आणि त्या नवऱ्याची पुडी खायच्या. दवाखान्यात गेल्या नाहीत. रामसिंगची बायकोच डॉक्टरकडं निघाली म्हटल्यावर रविवारी दारात बसणाऱ्यांनी काय समजायचं? कॉलेजच्या डॉक्टर करुणा मॅडम पहिल्यांदा तांड्यात आल्या तेव्हा त्यांनी ते हात हातात घेऊन पाहिले. म्हणाल्या, "हा वात वेगळा आहे. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बोटं वाचली असती." तेव्हापासून जमनाबाई हिंगोलीहून आणलेल्या गोळ्या घेतात. सूज उतरली, बोटं मात्र तशीच राहिली. भाकरी त्या आता तळहाताच्या खालच्या भागानं थापतात. या तपासणीत त्यांना घेतलं नव्हतं, कारण आजारच निराळा.

काकांनी मॅडमना तिथंच विचारलं होतं, "माझ्या पुडीनं हिचं दुखनं तरी हलकं झालं आसंल का?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच तपासायचं."

कुणालाही न सांगितलेलं मुळीचं नाव काकांनी त्या दिवशी मॅडमना सांगितलं. पुडीत काही असेल, तर बायकोला निदान तेवढी वर्षं आराम दिला. नसेल, तर रिकाम्या भुकटीवर तिला घरात बसवून ठेवलं आणि तिचे हात घालवले. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं. तपासणी सुरू झाल्यापासून रविवारी येणाऱ्यांनाही ते पुडी देईनात. "निकाल लागूस्तोर थांबा," म्हणायचे. लोक कुरकुरत जायचे. कुणी रागानं नारळ ओट्यावर ठेवून जायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सकाळपासून नाही म्हणून म्हणून थकून जायचा. एकदा मला म्हणाले, "ताई, व्हय का न्हाई, येवढं एकदा कळू द्या. मग मी मोकळा."

वैशाखातली गोष्ट. सकाळी तांड्यात महिन्याच्या पुड्या वाटून मी पुढच्या गावाला गेले आणि पाण्याची बाटली काकांच्या ओट्यावर विसरले. दुपारी परत येताना फाट्यावर उतरून तांड्यात गेले. काकांच्या अंगणात बायका गोल बसल्या होत्या. मधे परात. सकाळी मी ज्या पुड्या वाटल्या त्या सगळ्या फोडून परातीत ओतलेल्या, आणि जमनाबाई दोन्ही तळहातांनी ती पूड खालीवर करत होत्या. समोर पळसाच्या पानांवर सारखे ढीग मांडलेले होते.

तांड्यात बोकड कापला की मटणाचे वाटे असेच पडतात. काळीज, हाडं, चरबी, सगळ्याचं थोडं थोडं प्रत्येक ढिगात घालायचं आणि घरटी एक वाटा द्यायचा. एखादी म्हातारी एकटी राहत असली तरी तिचाही निघतो. वाटे घालायला बोलावतात रामसिंगकाकांनाच, कारण त्यांच्या हातून कधी कुणाच्या घरी नुसती हाडं गेली नाहीत. इथं तेच चाललं होतं, फक्त मटणाच्या जागी पूड होती आणि काका माळावर गेलेले होते.

मी विचारलं, "मावशी, हे कधीपासून?"

"पैल्यापासून," जमनाबाई म्हणाल्या. लपवायचं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठं नव्हतं. "मॅडमनंच सांगितलं ना, निम्म्या पुड्यात औषीद न्हाई. मग निम्म्या बायकायनी काहून रिकामं खावं? तकलीफ तर सगळ्यायलाच हाय."

त्यांची सून रुपा म्हणाली, "आता सगळ्यायला बराबर मिळतं, ताई. कुनाची तक्रार न्हाई."

मला रडू यावं इतका संताप आला. एवढे महिने उन्हात तुडवलेला रस्ता त्या परातीत पडलेला मला दिसत होता. ओरडावं तर ओरडायचं कुणावर? चोरी केली असती तर बोलता आलं असतं. त्यांनी तर न्याय केला होता.

तेवढ्यात काका माळावरून आले. खांद्यावरची कुदळ त्यांनी भिंतीला टेकवली, परातीकडं पाहिलं, पानांकडं पाहिलं. काय झालं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पुडीनं माखलेल्या बायकोच्या हातांकडंही पाहिलं. मग मला म्हणाले, "आता?"

"कळवावं लागेल, काका."

"कळवा," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

फाट्यावर देविदासनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गप बसा की. कुनाला कळनार हाय?" गप्प बसण्याइतकी मी दमलेली होतेच. पण मग काकांना मिळणारं उत्तर खोटं असतं, आणि त्या माणसाला मी खोटं उत्तर कोणत्या तोंडानं दिलं असतं? संध्याकाळी मॅडमना फोन केला.

पंधरवड्यानं मॅडम स्वतः आल्या. त्याच अंगणात बसून त्यांनी समजावलं, की सगळ्यात जास्त माणसं या तांड्यातली होती, ती बाजूला काढली तर उरलेल्या गावांवरून काही ठरवता येत नाही. तपासणी बंद करावी लागेल.

"पन आमाला तर बरं वाटलं," बायका म्हणाल्या. एकजात सगळ्यांनाच वाटलं होतं.

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनाच वाटलं, मग ते कशानं ते कसं कळणार? हळदीचं काम संपलं की गुडघे हलके होतात. औषध पोटात गेलं या समाधानानंही होतात. दोन गट वेगळे राहिले असते तर फरक दिसला असता."

काकांनी विचारलं, "परत कधी?"

"परवानग्या, माणसं, सगळं पहिल्यापासून. काही वर्षं जातील."

"व्हय," काका म्हणाले आणि रुपाला चहा टाकायला सांगितला. मॅडमही दमलेल्या दिसत होत्या.

नंतर उरलेल्या पुड्या परत न्यायला मी एकदा तांड्यात गेले. जमनाबाई चुलीपुढं होत्या, काका उंबऱ्याजवळ. त्या दोघांचं आपसातलं बोलणं बंजारा बोलीत चालतं. इतक्या फेऱ्यांनंतर मला ते कळायला लागलं आहे, इथं आपल्या बोलीत लिहिते.

काका म्हणाले, "जमना, तू येवढी वर्सं खाल्लीस. खरं सांग, कधी फरक पडला व्हता?"

"दर बारीला तर इचारायचा तुमी."

"तवा तू व्हय म्हनायचीस."

"मग काय म्हनू? उन्हातान्हाचं मुळी खनून आनायचा, पैली पुडी मला द्यायचा आन तोंडाकडं बघत बसायचा." त्यांनी भाकरी उलटली. "न्हाई पडला. एक दिस न्हाई पडला. दुसऱ्यायला गुन येतो म्हनतात, आसंल. पन रिकामी पुडी खानं काय आसतंय ते मला ठावं हाय. म्हनून तर कालवलं सगळं."

काकांनी भाकरी खाल्ली, मलाही आग्रह करून खायला लावली. मग नेहमीसारखे मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाले, "ताई, मॅडम म्हनतात, एका मानसाच्या सांगन्यावरून औषिदाचं काही ठरत न्हाई."

"नाही ठरत, काका," मी म्हणाले. आणि ते खरंच आहे. "मावशींचा आजार वेगळा होता. दुसऱ्या कुणाला गुण येतही असेल."

"येत आसंल," काका म्हणाले. "पन मला तर ती एकच हाय."