नथीआडचा श्वास

ही गोष्ट ओठांशी आली की मी ती गिळून टाकते. यजमानांजवळ, लेकींजवळ, कुणाजवळच ती आजवर उच्चारलेली नाही. तुम्हाला सांगते.

आमच्या नागपूरच्या कॉलेजात श्वास मोजण्याचं एक यंत्र होतं. पाण्याच्या पिंपात पालथी घातलेली पितळी घंटा. नळीतून फुंकलं की पाणी गुडगुडे आणि घंटा डुलत डुलत वर येई — जणू आपल्याच आतलं काही उजेडात तरंगू लागलं आहे. वर्गात मुली दोघीच, मी आणि भिवापूरची गोदू. जिचा श्वास मोठा भरेल, ती संमेलनात पाहुण्यांसमोर फुंकणार होती. गोदूने बापाला आधीच बोलावून ठेवलं होतं. शेतकरी माणूस, लेकीच्या शिक्षणातलं त्याच्या डोळ्यांना दिसणारं असं ते एवढंच होतं.

गोदूने फुंकलं. विहिरीचं पाणी शेंदून भरलेली छाती ती — घंटा उंच गेली. मग माझी पाळी. फुंकताना नाक दुसरीने चिमटीत धरायचं. आणि माझ्या नाकात लग्नातली नवी नथ. 'रुतते गं,' मी म्हटलं. गोदूने लगेच बोटं सैल केली — आणि फुंकता फुंकता मी नाकाने चोरून दुसरा श्वास घेतला. घंटा तिच्या खुणेहून दोन रेघा वर थांबली. का केलं? हरणं मला ठाऊक नव्हतं, इतकंच.

नाकात शिरणाऱ्या श्वासाची ती गार झुळूक तिच्या बोटांना लागली नसेल?

संमेलनाला तिचा बाप लाल मिरच्यांची टोपली घेऊन पहिल्या रांगेत बसला. मी नळी तोंडात धरली. या वेळी काही बोलले नाही — तरी गोदूने आपणहून बोटं सैल केली. मी पुन्हा श्वास चोरला. घंटा चढली, मंडप टाळ्यांनी भरला, आणि खरं सांगू? तितकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

"एवढ्याशा पोरीत एवढा वारा कुठं रायते वं?" तिचा बाप मला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "अन् तुहा काहून कमी भरला, गोदे? तूप तं मी तुलेच पाठवून राहिलो."

"माहा सारा वारा बोलन्यातच जाते, बा."

तो खदखदून हसला. मिरचीचा वास असलेला हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. मला शिंक आली, गोदू हसली, मीही हसले. वाकून मी तो आशीर्वाद घेतला.

नथ रुतत नव्हती. कधीच रुतली नव्हती.