कोवळ्या ज्वारीची पेंडी

धुरपताबाई चुडाव्याहून परभणीला लेकाकडे राहायला आल्या, त्याला तीन महिने होत आले होते. साल चौऱ्याहत्तर. मालक गेले, जनावरं दिराच्या गोठ्यात गेली आणि दिनकर आईला शहरात घेऊन आला. पण बाईंचा पाय काही घरात ठरेना. पहाटे जाग यायची, आणि चारा टाकायला दावणीला जनावरच नसायचं.

"आत्याबाई, बसा की जरा," सून कुसुम म्हणायची. त्या बसायच्या अन् लगेच उठायच्या.

म्हणून रविवारी दिनकरनं सगळ्यांना बागेत नेलं. तिथं तारेच्या कुंपणात ससे, बदकं, दोन शेळ्या आणि एक लाल कंधारी गाय ठेवली होती.

"गाय बघायला बागंत?" धुरपताबाई हसल्या. "उद्या चूल बघायला बी तिकीट लावताल तुमी!"

त्या नळावर पाणी प्यायला गेल्या. कुंपणालगत सांडलेल्या दाण्यांची ज्वारी उगवली होती. पावसानं ओढ दिल्यामुळं हातभर वाढून ती माना टाकायला लागली होती. दिनकरनं चांगली पेंडीभर उपटली आणि आपल्या लहानग्या लेकीच्या हातानं गाईला चारली. धुरपताबाई परतल्या तेव्हा गाय शेवटचा घास चघळत होती.

"दिन्या! काय घातलंस तिला?"

"हिरवी ज्वारी हाय, माय."

"ताणातली कोवळी ज्वारी! किराळ लागतं की जनावराला. इख हाय ते! गोठ्यात वाढलास अन् हे इसरलास?"

दिनकरचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात गाईला धाप लागली, तोंडाला फेस आला, पुढचे पाय लटपटले. धुरपताबाई तारांमधून आत शिरल्या. राखणदार सूर्यभान धावत आला.

"ओ बाई, आत जायची मनाई हाय!"

"मनाई मागून सांग. आधी गूळ आण!"

दिनकर कुणाची तरी सायकल मागून जनावरांच्या डॉक्टरांच्या घराकडं सुटला. चहावाल्यानं गूळ दिला, बाटली दिली. कुसुमनं पाणी कालवलं. धुरपताबाई गाईची मान धरून, ठसका लागू न देता, घोट घोट पाजत राहिल्या.

डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं. "गुळानं वेळ मिळाला," ते म्हणाले. "आता रवंथ केला तर वाचली."

दिवस कलला. लोक पांगले.

"आत्याबाई, फाटक लावायलेत," कुसुम म्हणाली.

"लावू दे. तिचा जबडा हलल्याबिगर मी न्हाई उठत."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच सासू अशी एका जागी बसली होती. कुंपणाकडेनं वाकून दिनकर उरलेल्या ज्वारीचं एकेक ताट मुळासकट उपटू लागला.

गाईनं मान वळवली. घशातून गोळा वर सरकला आणि जबडा सावकाश हलू लागला.

धुरपताबाई ताडकन उठल्या. "चला, लेकरू उपाशी आसंल. अन् सूर्यभान, मी पहाटं येते. तुला चारा कळत न्हाई."

"या, माय," सूर्यभान म्हणाला. "फाटक उघडंच ठेवतो."

मागं दिनकर अजून वाकलेलाच होता.