एकतीस तारीख प्रवासाची

३१ जानेवारी २०२५, शुक्रवार. रक्कम रुपये पंचेचाळीस फक्त.

मढच्या घराच्या ओट्यावर सकाळी नऊ वाजता समाधानने ही रक्कम बापाच्या तळहातावर ठेवली. विसाच्या दोन नोटा आणि पाचाचं एक नाणं. मढपासून धाकट्या मुलाच्या, राकेशच्या, गावापर्यंत, म्हणजे आण्यापर्यंत, एस.टी.चं अर्धं तिकीट. पासष्टीच्या पुढच्या माणसाला अर्धं तिकीट लागतं हे समाधानला पक्कं माहीत होतं. आठवड्यापूर्वी भाडं वाढलं, हे त्याला माहीत होतं की नाही ते सांगता येत नाही.

"अंगात कसकस आहे रे," सावळेराम मास्तर म्हणाले. "उद्या गेलो तर?"

"उद्या एक तारीख, नाना. उद्यापासनं तुमी राकेशचे."

आतून सुनेचा, कल्याणीचा, आवाज आला. "आन् आज मी दोनच माणसांचं पीठ मळलंय. काल तीस झाली ना!"

मास्तरांनी पिशवी उचलली. पिशवीत दोन सदरे, एक धोतर, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या आणि पाठ सुटलेली एक डिक्शनरी. एवढा संसार ते गेली पाच वर्षं मढहून आण्याला आणि आण्याहून मढला नेत होते.

सावळेराम मास्तरांनी आंबेगाव तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. विनाअनुदानित, म्हणून पेन्शन नाही. शाळेने निरोपाला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ समाधानच्या घरात आहे. शाल कुठे गेली ते कोणी सांगत नाही.

दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच शब्द लिहीत. जर्नी. "अर्थ सांगा." पोरं म्हणत, प्रवास. मास्तर म्हणत, चूक. मग छडी. एका चुकीला एक. मग पुढचा मुलगा. पोरं सहल म्हणत, फिरणं म्हणत, एकाने घाबरून जेजुरी म्हटलं होतं. सगळ्या वर्गाचे हात लाल झाले की मास्तर खुर्चीत बसून अर्थ सांगायचे, आणि सांगायचे मात्र फार सुरेख.

हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांना तो लॅटिनमधल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दापासून मिळाला. आठशे वर्षांपूर्वी जर्नी म्हणजे एक दिवस. मग एका दिवसाचं काम. मग एका दिवसात माणूस चालेल तेवढी वाट, साधारण वीस मैल. आपल्याकडे तिला मजल म्हणत. फौजा मजल-दरमजल करत जायच्या त्यातली. रोजावर काम करणारा कारागीर तिकडे जर्नीमन झाला. रोजच्या रोज लिहायची वही जर्नल झाली, आपली रोजकीर्द. पुढे दिवसाचं भान सुटलं आणि महिनाभराच्या वाटेलाही लोक जर्नी म्हणू लागले. "पण शब्दाचं मूळ विसरू नये," मास्तर बजावत. "जर्नी म्हणजे एक दिवस. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत पोचायचं."

पोरं त्यांना पाठीमागे जर्नीसर म्हणत. सहा गावांत अजून तेच नाव आहे.

बायको गेली २०१८ साली. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी जमिनीची वाटणी केली. समाधानला मढचं घर आणि अर्धी जमीन. उरलेली अर्धी विकून राकेशला आण्याला खताचं दुकान आणि त्यामागे दोन खोल्या. बापाने महिना-महिना एकेकाकडे राहायचं ठरलं. तेव्हा समाधानने बोटांची पेरं मोजली आणि म्हणाला, "नाना, माझ्या वाट्याला चार एकतिशे येत्यात. राकेशला तीन. ह्ये बराबर न्हाई."

मास्तरांना त्याचा राग आला नाही. उलट पोरगं हिशेबाला चोख निघालं याचं बरं वाटलं. ते म्हणाले, थांब. आणि त्यांनी स्टॅम्पपेपरवर वळणदार अक्षरात लिहिलं: 'वडिलांचा सांभाळ प्रत्येकाने आपल्या महिन्यात एक ते तीस असे पूर्ण तीस दिवस करावा. एकतीस तारीख प्रवासाची राहील.' खाली पट्टीने रेघ मारली. वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. मग जर्नी या शब्दाचा सगळा इतिहास मुलांना सांगितला. राकेश म्हणाला, "वा नाना." समाधाननेही मान डोलावली.

प्रतिभा, मधली मुलगी, त्या दिवशी माहेरी आली होती. डिंगोऱ्याला दिलेली. आदल्या आठवड्यात तिने जुन्नरला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. सहीआधी कागद वाचायला घेतला, तर मास्तर म्हणाले होते, "वाचायचं काय त्यात? मी लिहिलाय." भावांनी तिला साडी घेतली. चहाचे कप उचलता उचलता ती म्हणाली, "नाना, एकतीस तारीख मला द्या. वाटंवरच हाय माझं घर. जाता-येता ऱ्हावा माझ्याकडं."

मास्तर हसले. तलाठ्याचा माणूस बसला होता, दोन पंच बसले होते, तेही हसले. मास्तर म्हणाले, "अगं, बाप कधी मुलीच्या घरी मुक्कामाला राहतो का? लोक तोंडात शेण घालतील." प्रतिभा कप घेऊन आत गेली.

पहिल्या वर्षी एकतीस तारखेला मास्तर दुपारी बाराला आण्याला पोचायचे आणि राकेशची बायको त्यांना वाढायची. दुसऱ्या वर्षी तिने विचारलं, "मामा, आज एकतीसच ना?" आणि वाढलं. तिसऱ्या वर्षी राकेश म्हणाला, "नाना, जरा दिवस कलल्यावर येत जा. दुकानात गर्दी असती." चौथ्या वर्षापासून एक तारखेच्या सकाळी दार उघडू लागलं. मढलाही तोच नियम लागला. समाधानने राकेशला फोनवर सांगितलं, "तू पाळतोस तर मी का नाय पाळू?" सख्ख्या भावांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर कधी झालं नव्हतं. एकतीसची रात्र मास्तर देवळाच्या ओवरीत काढू लागले. उन्हाळ्यात निभतं. जानेवारीत आण्याच्या पठारावरचा वारा हाडं शोधत येतो.

म्हणून त्या शुक्रवारी अंगात ताप घेऊन गाडीत बसताना मास्तरांना एवढंच हवं होतं: आजची एक रात्र छप्पर.

कंडक्टर आला. मास्तरांनी पंचेचाळीस रुपये पुढे केले. "आणे. अर्धं."

"बाबा, भाडं वाढलंय. आठ कमी हायेत. बेल्ह्यापर्यंत देऊ?"

बेल्ह्यापासून पुढे घाट. मास्तरांनी खिसे चाचपले. आपल्याकडे गाडीत ओळखीचा माणूस भेटला की त्याचं तिकीट काढायची रीत आहे. वडीलधारा असेल तर दोघं-तिघं एकदम खिशात हात घालतात, कंडक्टरपुढे भांडतात. त्या गाडीत मास्तरांच्या ओळखीचे निदान सात जण होते. सगळे खिडकीबाहेर बघत होते.

मागच्या बाकावर पप्पू बसला होता, त्यांचा जुना विद्यार्थी. ओतूरला जीप चालवतो. जीप गॅरेजला लावली म्हणून तो आज गाडीने निघाला होता. तो तेवढा बोलला. "काय सर, निघाली का जर्नी?"

गाडीत खसखस पिकली.

"किती कमी पडत्यात? आठ? आयला, आठच छड्या मारल्या व्हत्या सर तुमी मला. आठवतंय? दोन दिवस घास उचलला न्हाई ह्या हातानं." त्याने हात वर करून सगळ्यांना दाखवला. "तवापासनं ह्यो हात खिशात जातच न्हाई बगा. दुखतो."

कंडक्टर तिष्ठत उभा होता. "बाबा, कुठलं देऊ?"

"डिंगोरे," मास्तर म्हणाले.

पंधरा रुपये गेले. तीस उरले.

प्रतिभाच्या दाराला कुलूप होतं. मास्तर पायरीवर बसून राहिले. ऊन अंगावर असूनही दात वाजत होते. बाराला ती रानातून आली. डोक्यावर घासाचा भारा. बापाला बघून ती थांबली. भारा गोठ्यात टाकला, हातपाय धुतले, कुलूप काढलं आणि मग विचारलं, "नाना, हिकडं कुठं?"

"जाता जाता आलो."

तिने पाणी दिलं. भाकरी टाकली, मेथीची भाजी वाढली. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यात मास्तरांनी तिच्या घरचं अन्न पहिल्यांदा खाल्लं. ती समोर बसून बघत होती. ताट उचलताना तिने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

"ताप हाय की चांगलाच."

"हो. तेच म्हणणार होतो." मास्तरांनी घसा साफ केला. "आजची रात्र राहीन म्हणतो इथं. उद्या सकाळच्या गाडीने जाईन."

प्रतिभा उठली. फडताळातून तापाची गोळी आणली, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मास्तरांनी गोळी घेतली. त्यांना वाटलं, झालं. ते भिंतीला टेकले आणि त्यांना डुलकी लागली.

चारला तिने हाक मारून उठवलं. "चार चाळीसला गाडी हाय, नाना. आळंफाट्याला बदलावी लागल."

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "अगं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"एकाच रातीचा व्हता की. वरसातनं सात राती. तेवढ्याच मागितल्या व्हत्या मी. जमीन न्हाई मागितली, दुकान न्हाई मागितलं. चार माणसांत हसला तुमी."

"लोक काय म्हणतील म्हणून—"

"आज न्हाई का म्हणणार लोकं?"

मास्तर चष्मा काढून पुसू लागले.

"तुमच्या कागदात माझं नाव हाय का, नाना? बगा की. तुमच्याच हातचं हाय, चुकायचं न्हाई. समाधानदादाचे तीस हायती, राकेशचे तीस हायती. माझा एक बी दिस न्हाई. मग मी तुमाला कुणाच्या दिसात ठिवून घिऊ?" ती चिडलेली नव्हती. भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलत होती. "ल्हानपणी म्या सतरांदा ऐकलंय. सकाळी निघायचं, दिस मावळायच्या आत पोचायचं. अजून दिस हाय. जावा."

मास्तरांनी पिशवी उचलली. उंबऱ्यात थांबून त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की भाड्याला पैसे कमी आहेत. डिंगोऱ्याहून आण्याला त्रेचाळीस लागतील. जवळ तीस आहेत.

प्रतिभाने डबा काढला. दहाची नोट, दोनचं नाणं, एकचं नाणं. विसाची नोटही डब्यात दिसत होती. ती तिने परत ठेवली.

"ह्ये परत द्यायचे हां. वाटखर्ची न्हाई दिली मी. माहेरची माणसं लेकीला वाटखर्ची देत्यात, लेक बापाला देत नसती."

"एक तारखेला देतो."

"कवाबी द्या. पन द्या."

साडेसातला मास्तर आण्याला उतरले. राकेशच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. राकेशने त्यांना पाहिलं, रस्त्याच्या कडेचा फलक आत घेतला आणि शटर खाली ओढलं. मास्तर देवळाकडे वळले. ओवरीत त्यांनी दोन्ही सदरे एकावर एक घातले, धोतर पांघरलं आणि डिक्शनरी उशाला घेतली. एक तारखेला सकाळी सातला राकेशची बायको चहाचा कप घेऊन देवळात आली. "मामा, चला घरी. बाई, केवढा ताप! काल कुणी बघितलं न्हाई का?"

ताप अकरा दिवस राहिला. औषधाची चिठ्ठी राकेशने समाधानला व्हॉट्सॲपवर पाठवली, कारण ताप त्याच्या महिन्यात भरला होता. समाधानने ती बघितली. उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीचे कमी दिवस आजवर कोणी मोजले नव्हते. २८ फेब्रुवारीला राकेशने बापाला पिशवी भरायला सांगितली. समाधान फोनवर म्हणाला, "कागद वाच. पूर्ण तीस दिवस लिवल्यात. अजून दोन ऱ्हायले तुझे." राकेश म्हणाला, "फेब्रुवारी संपला. कॅलेंडर मी छापलं न्हाई." राकेशने फोन मास्तरांकडे दिला. दोघांचं म्हणणं एकच, लिहिणारे ते, तर अर्थही त्यांनीच सांगावा.

मास्तरांनी थोडा विचार केला. दोघांचंही बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं.

एक आणि दोन मार्चच्या रात्री त्यांनी ओवरीत काढल्या. तीन तारखेला ते मढच्या गाडीत बसले. राकेशने भाडं दिलं, नव्या दराने, बरोबर त्रेपन्न. डिंगोऱ्याच्या थांब्यावर गाडी मिनिटभर उभी राहिली. रस्त्याच्या कडेला प्रतिभा घासाचा भारा खाली ठेवून कोणाशी तरी बोलत होती. मास्तरांनी खिडकी उघडली आणि खिसा चाचपला. खिशात तिकीट होतं, दुसरं काही नव्हतं.

प्रतिभाचे तेरा रुपये अजून द्यायचे आहेत.