कांताकाकूंची शिंक

दिग्रसला माझा छोटासा दवाखाना आहे, फक्त बायकांचा. आजार तेच ते, पण किस्से रोज नवे! मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव. मी म्हणते, लिहायला बसले तर ओपीडी कोण बघणार? म्हणून आपली सांगून मोकळी होते.

आमच्याकडे खरा आजार खुर्चीत बसून कुणी सांगत नाही. खुर्चीत फक्त 'कंबर दुखते, चक्कर येते.' आमच्या मालती सिस्टरचा तर सिद्धांतच आहे, "मॅडम, पेशंटनं चप्पल घातली का खरं दुखणं निघते!"

कांताकाकूंचं तसंच झालं. बाजाराच्या मागे त्यांची मिरची कांडायची मशीन आहे. काका गेल्यावर त्या मशीनवरच त्यांनी संसार ओढला, पोरीचं लग्न केलं. कंबरेच्या गोळ्या घेऊन निघाल्या, चप्पल घातली आणि दाराशी वळून हळूच म्हणाल्या, "शिंक आली का थोडी लघवी होऊन जाते, मॅडम. खोकलं तरी तेच."

आता मिरचीच्या मशीनवर शिंका येणार नाहीत तर काय येणार! उन्हाळ्यात बायकांची रांग लागलेली, आणि काकू शिंक आली की आत पळणार.

"लोकं समोर उभे राह्यते अन् माहं सारं ध्यान लुगड्यात. शरम वाटते. यंदा मशीन इकूनच टाकतो."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "काकू, मशीन राहू द्या, हे बरं होतं. बाळंतपणांनी आणि वयानं खालचे स्नायू ढिले पडतात. त्यांचा व्यायाम आहे." लघवी रोखताना आपण जे आवळतो, तेच स्नायू रोज आवळायचे आणि सोडायचे, तीन महिने. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं.

काकूंचा विश्वास बसेना. "ना गोळी, ना सुई. हा कसा इलाज?" मग काहीतरी सुचलं. "कोणाले दिसत तर नाही ना?"

"अजिबात नाही."

"मंग कीर्तनात बसून करतो. तसं बी तिथं हातापायाले काही काम नसते!"

त्याच आठवड्यात खेड्यावरून एक आजी आल्या. अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकलेली. मी विचारलं, "कधीपासून?"

"संतोष झाला तवापासून."

"संतोष केवढा आहे?"

"भायेर गाडीवर बसून हाय. पाहून घ्या."

मी खिडकीतून पाहिलं. संतोषची दाढी पिकली होती! तपासून आजींना आत रबरी रिंग बसवून दिली. आजी उठल्या, दारापर्यंत चालून पाहिलं, परत आल्या आणि माझ्यावरच चिडल्या, "एवढंच होतं, तं पह्यले काहून नाही सांगतलं?"

गर्भपिशवी काढण्याचे किस्से तर विचारूच नका. तिशीतली एक सून हटूनच बसली, पिशवी काढा. सोनोग्राफी चांगली, तक्रार गोळ्यांनी जाण्यासारखी. मी नाही म्हटलं तर डोळ्यांत पाणी! "सासूची काढली, दोन्ही जावांची काढली. माहीच काहून ठेवता?"

आणि एकीला इन्फेक्शन होतं, अंगावरून पांढरं जात होतं. अशा वेळी औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं असतं, नाहीतर आजार पुन्हा उलटतो. दोघांच्या गोळ्या दिल्या. आठवड्यानं आली, चेहरा उतरलेला. "ते म्हणते, मले काय झालं? मंग त्याईच्या बी मीच खाल्ल्या. एवढ्या महागाच्या, फेकाव कायले?" पुढच्या वेळी नवऱ्याला समोर बसवून मालती सिस्टरनं स्वतः पाण्याचा ग्लास हातात दिला.

तर कांताकाकू. मधे एकदा आल्या तेव्हा फरक होता, पण थोडाच. "अजून शिंकेचा भरोसा नाही," म्हणाल्या. पुसदचा एक जण मशीन बघायला येणार होता आणि त्यांनी त्याला हो म्हटलं होतं. मी एवढंच म्हटलं, "व्यायाम सोडू नका."

मिरचीचा सीझन आला. मी आमची वर्षाची मिरची घेऊन रांगेत उभी, आणि नेमका तो पुसदवाला आलेला. तरुण मुलगा होता. मशीनभोवती फिरला, पट्टा पाहिला, मोटर पाहिली. मग म्हणाला, "काकू, जरा चालवून दाखवा."

काकूंनी मिरची टाकून बटन दाबलं. क्षणात अख्ख्या रांगेच्या नाकाला पदर! काकूंचं नाक फुरफुरलं. मला वाटलं, आता आत पळणार. पण त्या पाय रोवून जागच्या जागी उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटले, आणि मग पत्रे हलतील अशी शिंक दिली. पाठोपाठ दुसरी. तिसरी!

उभ्या उभ्याच त्यांनी लुगड्याचा अंदाज घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, ते मिरचीचं असेल. हात लांबवून त्यांनी मशीन बंद केली.

"भाऊ, मशीन इकाची नाही."

"अवो काकू, काहून? आत्ताच तं हो म्हणत होत्या!"

"शिंक आली ना."

पोरानं मशीनवरचा हात झटकन मागे घेतला. "बरोबर हाय काकू," तो गंभीर होऊन म्हणाला, "शिंकेच्या पुढं आपलं काही चालते का!"