निम्मा ग्लास

"निम्माच पी. पुरा पेला की आत बसल्यावर भाईर जायचीच याद येती."

मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला मामा असंच पाणी द्यायचे. स्टीलचा ग्लास, बरोबर अर्धा भरलेला. नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत ते शिपाई होते. मुलाखती असल्या की दाराबाहेर स्टुलावर बसायचं आणि आतली घंटी वाजली की पुढचं नाव पुकारायचं, हे त्यांचं काम. तुम्हीही कधी तरी अशा दाराबाहेर बसला असाल. आतून कुणी हसलं तरी ते आपल्यालाच हसतायत असं वाटतं.

माझी पाळी होती तेव्हा मी जाफराबादहून एसटीत उभा राहून आलो होतो. बुटांवर धूळ, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मामांनी स्टुलाखालून पावडरचा जुना डबा काढला. त्यात सेफ्टी पिना, कंगवा आणि बूट पुसायचं फडकं होतं. पिन आतल्या बाजूने लावत त्यांनी विचारलं, "कोन्या गावचा रे बाळा?" मी सांगितलं. "बरं. घाबरायचं न्हाई. आत मानसंच हायेत. येत न्हाई ते येत न्हाई म्हनायचं."

मला नोकरी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून मी 'बाळा'चा 'साहेब' झालो. पुष्कळ सांगून पाहिलं, पण ते काही बदलले नाहीत.

पुढे मीही मुलाखती घेणाऱ्यांत बसू लागलो. कुणाची निवड होणार हे त्यांना आमच्याआधी कळतं, असा त्यांचा दावा होता. "ज्यानं ग्लास आपल्या हातानं टेबलावर आनून ठिवला, त्यो लागला समजा." हा अंदाज कितीदा चुकला ते मी सांगू शकतो. पण बरोबर निघालेले तेवढेच त्यांच्या लक्षात राहायचे, आणि ते मोठ्या कौतुकाने सांगायचे.

मग शिपाई, चौकीदार पुरवायचं काम नव्या एजन्सीकडे गेलं. जुन्या लोकांनीही नव्याने अर्ज करायचा आणि मुलाखत द्यायची, असं ठरलं. मामांना त्या दाराशी बारा वर्षं झाली होती. हसनाबादहून रोज येऊन-जाऊन करायचे, घरी बायको, आणि हा पगार सोडला तर दुसरं काही नाही. आदल्या दिवशी फाईल ठेवायला आले आणि तिथेच उभे राहिले. "साहेब, आपलं हुईल ना?"

"तुमचं नाही तर कुणाचं होणार, मामा?" मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी टेबलामागे आम्ही तिघं होतो. मोठे साहेब, एजन्सीचा माणूस आणि मी. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आत आले आणि उभेच राहिले. ती खुर्ची त्यांनी रोज पुसली होती, तिच्यावर बसले मात्र कधी नव्हते. बसा म्हटल्यावर कडेला टेकले.

"स्वतःविषयी सांगा," मोठे साहेब म्हणाले.

"मी हितंच असतो साहेब."

"इथंच म्हणजे?"

"भाईर. दारापाशी."

एजन्सीच्या माणसाने अर्ज पाहिला. नववी. अट दहावी पासची होती. त्याने त्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली. मोठे साहेब माझ्याकडे वळले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

एक वाक्य बोललो असतो तरी पुरे झालं असतं. साहेब, यांच्यासाठी अट सोडा, एवढंच. पण मोठ्या साहेबांसमोर वशिला लावल्यासारखं दिसेल म्हणून मी कचरलो. मामा माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

साहेबांनी घंटी दाबली. मामा सवयीने उठले, "जी साहेब" म्हणाले आणि बाहेर गेले. दार अर्धवट उघडं होतं. त्यांच्याच जागेसाठी आलेल्या बी.ए. झालेल्या मुलाचं नाव त्यांनी पुकारलं. मग आवाज ऐकू आला, "निम्माच पी बाळा. घाबरू नको. आत मानसंच हायेत."

त्या मुलाची निवड झाली. त्याचा काही दोष नाही, कामाला तो चांगला आहे. मामांना त्या दिवशी पाणी कुणी दिलं नव्हतं, हे माझ्या घरी गेल्यावर लक्षात आलं. महिनाअखेरीला ते डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले. "कोनाला तरी लागंल," एवढंच म्हणाले. मी मान वर केली नाही.

यंदा शेतकरी मेळाव्यासाठी हसनाबादला गेलो, तेव्हा धीर करून त्यांचं घर विचारलं. मामा गेल्या थंडीतच वारले होते. त्यांच्या बायकोने मला ओसरीत बसवलं, तांब्या-ग्लास आणला आणि ग्लास काठोकाठ भरला.

"तुमचं नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या. "इंटरव्ह्यू देऊन आल्ते त्या दिशी लई खूश व्हते. म्हनले, समोर आपले साहेबच बसल्ते, काळजी न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मंग कसं काय झालं ओ साहेब?"

मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असंही म्हणवलं नाही. मी ग्लास उचलला. निम्माच प्यायलो आणि खाली ठेवला.