आप्पांच्या हातावरचं बँडेज

आईला नाही, नवऱ्याला नाही — ही गोष्ट आजवर मी कुणाच्याच कानावर घातलेली नाही. तुम्हाला का सांगतेय? काय की. काल आप्पांच्या बोटांना बँडेज बांधलं, तेव्हापासून अन्न गोड लागेना.

मी डॉक्टर, निपाणीत दवाखाना आहे. आप्पा म्हणजे माझे वडील, बेळगावजवळच्या वडगावचे विणकर. मागावर साड्या विणून त्यांनी मला डॉक्टरकी शिकायला युक्रेनला धाडलं. तिथं माझ्या वरच्या मजल्यावर बोहदान राहायचा — बास्केटबॉलचा नावाजलेला खेळाडू, एका क्लबात पगारी. एवढा उंच, की दारातनं वाकून यायचा. उजव्या हातानं लांबून चेंडू टाकला की जाळीतच! आईनं पाठवलेला बेळगावचा कुंदा त्याला लई आवडायचा. डबा चाटूनपुसून परत द्यायचा, वर मलाच खादाड म्हणायचा. परदेशातल्या मोठ्या क्लबानं त्याला बोलावलं होतं, उन्हाळ्यात जाणार होता.

मग लढाई पेटली. मला स्टेशनवर पोचवायला तोच आला. ही झुंबड! त्यानं उजव्या हातानं डब्याचं दार धरून ठेवलं, डाव्यानं मला आत ढकललं. आणि दार लागलं — त्याच्या हातावर.

कुणीतरी दार ओढलं, त्यानं हात सोडवून घेतला. काचेतून मला दिसलं — दोन बोटं भलतीकडेच वळलेली. चौथ्या वर्षाला होते मी, न कळायला काय झालं? पिशवीत बँडेजचा नवा रोल होता. आणि मी काय केलं? — बसले. जागा मिळाली होती ना! उठले असते तर गेली असती. तोंड फिरवून दुसऱ्या खिडकीकडे बघत राहिले. गाडी त्यानंतर चांगली पंधरा मिनिटं तिथंच उभी होती.

घरी आल्यावर गल्लीत सत्कार. शाल, हार, हातात माईक. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं — एका खेळाडूचा हात दारात चिरडला, मी खाली उतरून बांधला, मग धावत गाडी पकडली. टाळ्या काय पडल्या! आप्पा तर रडले. भित्री होतेच, त्या दिवशी खोटारडीही झाले. आणि मग तसंच राहू दिलं.

वर्षभरानं, मी राहिलेलं शिक्षण दुसऱ्या देशात पुरं करत होते तेव्हा, बोहदाननं लिहिलं. बोटं वाकडी जुळली, चेंडू हातात ठरत नाही, मोठ्या क्लबानं नको म्हटलं. आता शाळेतल्या मुलांना शिकवतो. शेवटी विचारलं होतं — कुंदा अजून तसाच मिळतो का? मी उत्तर दिलं नाही.

काल आप्पा दवाखान्यात आले आणि पेशंटांना तीच गोष्ट सांगत बसले. "लई धाडसाची पोरगी आमची. गाडी सुटाय लागली तरी घाबरली न्हाय! कसा बांधलास गं हात त्येचा? दाव की ह्यास्नी." आणि स्वतःचा उजवा हात पुढं केला.

मी रोल उचलला. दोन बोटं जुळवली, खाली पट्टी दिली, सावकाश गुंडाळत गेले. आप्पा हात वर करून सगळ्यांना दाखवत होते.

बांधून व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.